चौथ्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि आधी त्यातल्या तारखा एका कागदावर उतरवून घेतल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी, १२ एप्रिल २०२१ ला वडिलांना ताप आला. वय ६३, मधुमेह. पाडव्याची सुट्टी गेली, १४ ला स्वॅब दिला, पण रिपोर्टला पाच-सहा दिवस लागतील असं सांगितलं गेलं. १५ ला एक लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला, ‘अर्ध्या तासात कळेल’ म्हणाला आणि आयजीएम, आयजीजी दोन्ही निगेटिव्ह असा रिपोर्ट दिला. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. २० ला स्वॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. २१ ला, रामनवमीच्या दिवशी, धाप लागली, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ७९ निघालं, बेड मिळेपर्यंत रात्र झाली आणि २५ ला ते गेले. तुम्ही विचारता, ती अँटीबॉडी टेस्ट खोटी होती का? आणि आमचं चुकलं का? जोडीला आईच्या दोन अँटीबॉडी रिपोर्टांचा प्रश्न आहे, त्याकडे शेवटी येतो.

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, २६ वर्षं झाली. कोविडच्या दोन्ही मोठ्या लाटांत आमचं २४ खाटांचं हॉस्पिटल त्याच रुग्णांसाठी दिलेलं होतं. त्या अनुभवावरून सांगतो. वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ते चार दिवस आधी भरती झाले असते तर वाचले असते का, हे मला सांगता येणार नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. माझ्याकडे सातव्या दिवशी, सॅच्युरेशन ९३ असताना भरती झालेले गेले आहेत, आणि अकराव्या दिवशी सत्तरीतलं सॅच्युरेशन घेऊन आलेले चालत घरी गेले आहेत. मधुमेह, वय, शरीरात शिरलेल्या विषाणूचा प्रकार, त्या आठवड्यात हाताशी असलेला ऑक्सिजन, सगळ्यावर अवलंबून होतं.

टेस्ट मात्र बहुधा खोटी नव्हती. तिला जे विचारलं गेलं त्याचं उत्तर तिने बरोबर दिलं. तुम्हाला विचारायचं होतं वेगळंच.

ती पट्टी तुम्ही पाहिली असेल. घरी गरोदरपणासाठी वापरतात तसंच पांढरं प्लास्टिकचं कार्ड, एका टोकाला छोटा खड्डा. त्यात रक्ताचा एक थेंब टाकायचा, वर बफरचे दोन थेंब, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. खिडकीशेजारी सी, जी आणि एम अशी तीन अक्षरं. सी समोर रेघ उमटली म्हणजे कार्ड चालू आहे, एवढंच. एम समोर उमटली तर आयजीएम, जी समोर उमटली तर आयजीजी. हे दोन्ही प्रतिपिंडांचे प्रकार, म्हणजे विषाणू अंगात शिरल्यावर शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. ते कार्ड विषाणू शोधतच नाही. शरीराने त्याची दखल घेऊन तयारी केली का, एवढंच पाहतं. आणि त्या तयारीला वेळ लागतो.

किती वेळ, हे जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली तेव्हा कळलं. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या आठवड्यात या टेस्ट १०० खऱ्या रुग्णांपैकी साधारण ३० जणांतच पॉझिटिव्ह येत होत्या. दुसऱ्या आठवड्यात ७० च्या आसपास, तिसऱ्या आठवड्यात ९० च्या पुढे. वडिलांची टेस्ट चौथ्या दिवशी झाली. म्हणजे ज्यांना कोविड आहे अशा दहा जणांची त्या दिवशी टेस्ट केली असती, तर सात जणांना तरी तुमच्यासारखाच निगेटिव्ह रिपोर्ट मिळाला असता. आणि ती तीस टक्के ही पूर्ण पहिल्या आठवड्याची गोळाबेरीज आहे, त्यातला चौथा दिवस तर आणखी पडका.

डेंग्यूत हे आपल्याला सवयीने माहीत झालं आहे. ताप येऊन दोन-तीन दिवस झाले असतील तर एनएस-१ करतात, कारण तो विषाणूचाच तुकडा आहे आणि सुरुवातीला सापडतो. आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही, असं आता गावाकडचा कंपाउंडरही म्हणत नाही. कोविडमध्ये एनएस-१ च्या जागी होती ती अँटीजेन टेस्ट, नाकात काडी घालून करायची. आणि गोंधळ तिथेच झाला, कारण नावं जुळ्या भावांसारखी: अँटीजेन, अँटीबॉडी, आणि दोन्हींच्या आधी ‘रॅपिड’. फोनवर नातेवाईक ‘रॅपिड निगेटिव्ह आहे डॉक्टर’ म्हणायचे, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: नाकात काडी घातली की बोट टोचलं? बोट टोचलं म्हणाले की तो रिपोर्ट माझ्यापुरता बाजूला ठेवायचा. अँटीजेन निगेटिव्ह आली तरी लक्षणं असतील तर आरटी-पीसीआर, म्हणजे लॅबमध्ये पाठवायची स्वॅबची टेस्ट, करायची, हाही नियम होताच, पण ती निदानाची टेस्ट तरी होती.

इथे आमच्या धंद्यातल्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. रक्त काढून अँटीबॉडी बघायची आणि त्यावर आजार ठरवायचा, ही खोड आपल्याकडे कोविडच्या आधीची आहे. विडाल टेस्ट आठवा. १८९६ पासून चालत आलेली टायफॉइडची टेस्ट, तीही अँटीबॉडीचीच. पहिल्या आठवड्यात बहुतेकदा निगेटिव्ह येते, आणि टायफॉइडचा सतत संपर्क असलेल्या आपल्या भागात धडधाकट माणसातही अधूनमधून पॉझिटिव्ह येते. एकाच नमुन्यावर तिचा भरवसा नाही. खरं तर दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट चढला का ते बघायचं, किंवा अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर पाठवायचं. कुठल्या गावात कोण करतं? ‘टायफॉइड निघाला’ म्हणत दर पावसाळ्यात लोकांना सलाइनं लागतात. तुमच्या लॅबवाल्याने फसवलं की त्यालाच कळत नव्हतं, हे मी इथून सांगू शकत नाही. पण आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० च्या एप्रिलपासूनच लिहून ठेवलं होतं की रॅपिड अँटीबॉडी टेस्ट पाहणीसाठी आहे, निदानासाठी नाही. त्याच महिन्यात चीनहून आलेली किट राज्यांत वाटली गेली, राजस्थानने तक्रार केली की ती जेमतेम ५.४ टक्के बरोबर येतात, २१ एप्रिलला वापर थांबवायला सांगितला आणि आठवडाभरात दोन कंपन्यांची किट परत पाठवायचे आदेश निघाले. म्हणजे वडिलांच्या आजाराच्या वर्षभर आधी या टेस्टचं सगळं वाजलेलं होतं. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये ती घरोघर विकली गेली, कारण स्वॅबचे रिपोर्ट तुंबले होते आणि माणसाला काहीतरी कागद हवा होता.

आता वॉर्डात आम्ही काय करायचो ते सांगतो, म्हणजे त्या आठ दिवसांत काय बघायला हवं होतं ते कळेल.

आमच्या प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा असायचा, तीच पट्टी, सलाइनची सुई हाताला धरून ठेवायला लावतात ती. त्यावर मार्करने एकच आकडा: आजाराचा दिवस. रोज सकाळी सहाला सिस्टर जुनी पट्टी काढून नवी लावायच्या. ७, ८, ९. राउंडला गेलो की फाइलच्या आधी ती पट्टी बघायची. कारण कोविड हा दोन टप्प्यांचा आजार होता. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढायचा, ताप, अंगदुखी, खोकला. बहुतेकांचं तिथेच संपायचं. ज्यांचं बिघडायचं त्यांचं साधारण सातव्या ते दहाव्या दिवसात बिघडायचं, तेही बऱ्याचदा ताप उतरल्यावर, घरचे निर्धास्त झाल्यावर. त्या वेळी फुफ्फुसांचं नुकसान करत असायची ती मुख्यतः शरीराची स्वतःचीच भडकलेली प्रतिक्रिया.

दिवस मोजायचा तो रिपोर्टच्या तारखेपासून नाही, पहिल्या लक्षणापासून. आणि हे शोधून काढणं हीच अर्धी डॉक्टरकी होती. एक गृहस्थ आले, म्हणाले कालपासून ताप आहे. सॅच्युरेशन ८८. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ८८ होत नाही, म्हणून त्यांच्या मंडळींना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘अहो, मागच्या रविवारपासूनच अंग मोडून आलंय, जेवणाची चव गेलीय, पण टेस्ट करायला लावतील म्हणून बोलले नाहीत.’ पट्टीवर २ लिहिलं होतं ते पुसून ९ केलं, आणि त्या एका आकड्याने औषधं बदलली.

औषधं कशी बदलायची? उदाहरण स्टिरॉइडचं. इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ या औषधांच्या चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला: डेक्सामेथासोन, दिवसाला ६ मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांतले पाचव्या हिश्श्याने. ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा नाही, उलट नुकसानीकडे झुकणारा कल. इतकं स्वस्त औषध, पण योग्य दिवशी आणि ऑक्सिजन उतरल्यावरच. दुसऱ्या लाटेत ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सुरू केलेले, साखर ४०० च्या पुढे गेलेले रुग्ण मी खूप पाहिले, आणि त्यातल्या काहींचे डोळे आणि जबडे पुढे म्युकर नावाच्या बुरशीने गेले. वडिलांना घरी काय औषधं चालू होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

दुसरी गोष्ट ऑक्सिमीटर. आजाराच्या दुसऱ्या आठवड्याचा खरा रिपोर्ट तोच होता. सॅच्युरेशन उतरलेलं असूनही माणूस फोनवर गप्पा मारत असायचा, त्याला धाप जाणवायचीच नाही. म्हणून बसून मोजायचं, मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, वय जास्त असेल तर तीन, आणि पुन्हा मोजायचं. ९४ च्या खाली गेलं, किंवा चालल्यावर तीन-चार अंकांनी उतरलं, की डॉक्टरकडे. बोट गार नको, नखाला रंग नको, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्यायचा. आणि त्या छोट्या पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा, एक नाडीचा. ‘डॉक्टर, ९८ आहे’ असं सांगणाऱ्या एका मुलाला मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. ९८ ही नाडी होती. ऑक्सिजन ८६.

तर तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आमचं चुकलं का. मला वाटतं, निगेटिव्ह रिपोर्टने तुमच्याकडून काढून घेतलं ते हे मोजणं. १५ ते २० या पाच दिवसांत घरात ऑक्सिमीटर असता आणि ‘आज आठवा दिवस’ असं कुणी मोजत असतं, तर उतरण कदाचित १८-१९ लाच दिसली असती. ती दिसूनही बेड मिळाला असता का? त्या आठवड्यात मी स्वतः रात्री अडीचला जंबो सिलिंडरच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभा राहिलोय, त्यामुळे हो म्हणवत नाही. तुम्ही एका माणसाने दिलेल्या कागदावर विश्वास ठेवलात. घरच्या माणसांनी दुसरं काय करायचं असतं? तो कागद काय सांगत नाही, हे सांगण्याचं काम देणाऱ्याचं होतं.

असाच विश्वास मीही ठेवला होता, आणि मला तर सगळं माहीत असायला हवं होतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही सगळ्या स्टाफची एलायझा, म्हणजे लॅबमध्ये होणारी अँटीबॉडी टेस्ट, करून घेतली. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेने बनवलेलं ‘कोविड कवच’ किट तेव्हा मिळायला लागलं होतं. कार्डापेक्षा खूपच भरवशाची पद्धत. ३१ पैकी १४ जणांत आयजीजी निघाल्या. मी खूश. त्या १४ जणांना कोविड वॉर्डाच्या जास्त पाळ्या लावल्या, आणि सांगूनही टाकलं की तुम्हाला आता भीती नाही. आमचे एक वॉर्डबॉय मामा त्यानंतर मास्क हनुवटीवर ठेवायला लागले. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांना पुन्हा ताप आला, स्वॅब पॉझिटिव्ह. ते स्वतः दोन दिवसांत बरे झाले, पण त्यांची ७२ वर्षांची आई आमच्याच वॉर्डात तेरा दिवस ऑक्सिजनवर होती. ती बरी झाली, हे माझं नशीब. रिपोर्टवर लिहिलं होतं ‘प्रतिपिंडं आढळली’. ‘भीती नाही’ हे मी माझ्या मनाने वाचलं होतं.

मग ही टेस्ट कुचकामी का? नाही. रुग्णापेक्षा गर्दीला प्रश्न विचारायला ती फार चांगली होती. देशव्यापी पहिल्या पाहणीत, मे-जून २०२० मध्ये, प्रौढांपैकी ०.७३ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. चौथ्या पाहणीत, जून-जुलै २०२१ मध्ये, ६७.६ टक्के लोकांत. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत पाहणी झाली: झोपडपट्टीत ५७ टक्के, बाहेर १६. पुण्यात पाच प्रभागांत ५१.५ टक्के. नोंद झालेल्या रुग्णांच्या कित्येक पट लोकांना विषाणू शिवून गेला होता, हे फक्त या रक्तातून कळलं. यातल्या २०२० च्या आकड्यांवरून पुढे ‘आता संपलं’ असा अर्थ काढला गेला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याकडून दुसरी लाट उठली. पाहणी चुकली नव्हती. पुन्हा वाचणाऱ्यांचंच चुकलं.

याच पाहणीत एक गणित दडलं आहे, ते कागदावर करून बघा, कारण ते कुठल्याही टेस्टला लागू पडतं. समजा टेस्ट १०० खऱ्या रुग्णांतले ९० पकडते आणि १०० निरोगी लोकांत २ जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. हजार लोकांच्या गावात १० जणांनाच लागण होऊन गेली असेल, तर खरे पॉझिटिव्ह ९, आणि उरलेल्या ९९० मधून खोटे जवळजवळ २०. म्हणजे पॉझिटिव्ह कागद हातात असलेल्या २९ जणांपैकी वीस जणांना काहीच झालेलं नव्हतं. तेच गाव निम्मं लागण झालेलं असेल तर खरे ४५०, खोटे १०. टेस्ट तीच, कंपनी तीच. म्हणून २०२० च्या उन्हाळ्यात सोसायट्यांमधून भरलेल्या अँटीबॉडी शिबिरांना मी जात नव्हतो, लोक नाराज झाले तरी.

खाटेवरच्या रुग्णासाठी अँटीबॉडी टेस्ट मी मोजक्या वेळा मागवली, आणि त्यातली एक अजून डोळ्यांपुढे आहे. जून २०२१. नऊ वर्षांचा मुलगा, पाच दिवस ताप, पोटात असह्य दुखणं. अपेंडिक्स म्हणून सर्जनकडे गेला होता. सर्जन हुशार, पोटाला हात लावला आणि म्हणाले, हे माझं नाही वाटत. माझ्याकडे आला तेव्हा डोळे लाल, पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, छातीवर फिकट पुरळ, नाडी १४०. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, खूप वाढलेला. स्वॅब निगेटिव्ह. आईला विचारलं, मे महिन्यात घरात कुणी आजारी होतं का? आजोबा होते. हा नुसता दोन दिवस शिंकत होता. मुलांमध्ये कोविड होऊन गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी उठणारा हा आजार, एमआयएस-सी. तेव्हा विषाणू बहुतेकदा गेलेला असतो, म्हणून स्वॅबमध्ये काही सापडत नाही, प्रतिपिंडं मात्र भरपूर. अँटीबॉडी पाठवली, रिपोर्टची वाट न बघता जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांकडे धाडला. इको झाला, इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड सुरू झालं, आठ दिवसांत पोरगं खिडकीत बसून चिप्स मागत होतं. पण इथेही एक पाचर आहे. त्या चौथ्या पाहणीत सहा ते सतरा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांत प्रतिपिंडं होती. म्हणजे खरोखरीच्या अपेंडिक्सच्या मुलाचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली असती. आमचं निदान डोळे, ओठ, पुरळ आणि आजोबांची तारीख यांनी झालं. पॉझिटिव्ह रिपोर्टने फक्त दुजोरा दिला. निगेटिव्ह आला असता तर मात्र मी पुन्हा विचार केला असता.

प्लाझ्माचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या चुलत्यांनी ‘प्लाझ्मा मिळाला असता तर वाचले असते’ म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. बऱ्या झालेल्या माणसाची प्रतिपिंडं रुग्णाला द्यायची, कल्पना सुंदर होती. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. आजार बळावणं किंवा मृत्यू: प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८. निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला, उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा निघाला १७ मे २०२१ ला. मधल्या काळात लोक रात्री-अपरात्री दाते शोधत फिरले. तुम्हाला प्लाझ्मा मिळाला नाही याची खंत धरू नका.

एका औषधाने मात्र अँटीबॉडी टेस्टला खरं काम दिलं. प्रयोगशाळेत बनवलेल्या दोन प्रतिपिंडांचं मिश्रण, ज्याला सगळे ‘कॉकटेल’ म्हणायचे. रिकव्हरी चाचणीत भरती रुग्णांना ते देण्याआधी रक्त तपासलं गेलं. ज्यांची स्वतःची प्रतिपिंडं तयार झालेली नव्हती त्यांच्यात मृत्यू ३० टक्क्यांवरून २४ वर आले. ज्यांची झाली होती त्यांच्यात फरक नाही. इथे निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ होता: याच्याकडे स्वतःची फौज नाही, बाहेरून द्या. तुमच्या वडिलांच्या कागदावरचा तोच शब्द, पण वाचायचा किती उलटा! भारतात हे औषध बाजारात आलं २४ मे २०२१ ला, एका रुग्णाच्या डोसला ५९,७५० रुपये. वडील गेल्यावर महिन्याने. आणि पुढे ओमिक्रॉन आल्यावर ते निकामी झालं.

आता आई. तुम्ही लिहिता की त्यांनी कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेत, वडील गेल्यापासून तुम्ही दरवर्षी त्यांच्या अँटीबॉडी तपासता, आणि या वेळी एका लॅबमध्ये १,८४० आले तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये २५४. एवढ्या कशा पडल्या, म्हणून तुम्ही घाबरलात. पडलेल्या नाहीत. तुम्ही दिलेल्या तपशिलात दोन्हीकडे अ‍ॅबट कंपनीचंच किट आहे, पण पहिल्या रिपोर्टवर आकड्यापुढे ‘एयू’ आहे आणि दुसऱ्यावर ‘बीएयू’. पहिलं कंपनीचं स्वतःचं माप, दुसरं जागतिक आरोग्य संघटनेचं ठरवलेलं. या किटसाठी एयूला ०.१४२ ने गुणलं की बीएयू मिळतं. १,८४० गुणिले ०.१४२, म्हणजे २६१. दुसऱ्या लॅबने २५४ दिलं. एवढा फरक एकाच नमुन्यावर दोनदा मशीन चालवलं तरी येतो. दुसऱ्या कंपनीचं किट असतं तर असा गुणाकार करून तुलना करण्याच्याही फंदात पडू नका.

‘आयजीजी-एस’ वेगळी आणि ‘एन’ वेगळी, हेही तुम्ही विचारलंय. एस म्हणजे विषाणूच्या काट्याविरुद्धची, एन म्हणजे आतल्या भागाविरुद्धची. कोविशील्ड फक्त काटा शिकवते, त्यामुळे एन निगेटिव्ह आली म्हणून लस वाया गेली असं होत नाही. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा मारलेला विषाणू असतो, म्हणून तिच्याने एनही येऊ शकते.

आणि दरवर्षी तपासणं थांबवा, असं मी म्हणेन. अमुक आकड्याच्या वर सुरक्षित, असा घरी बसून वापरता येईल असा उंबरठा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लसीनंतरचं संरक्षण मोजायला ही टेस्ट वापरू नका. रक्तातली प्रतिपिंडं काही महिन्यांत उतरतातच, पण आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे राहतात आणि त्या या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. किडनी बदललेली असती किंवा कॅन्सरची औषधं चालू असती तर वेगळा विचार केला असता, तोही त्यांच्या डॉक्टरांनी. तुम्ही लिहिलंय त्यावरून आईंना फक्त रक्तदाबाची गोळी आहे, आणि साखर ‘बॉर्डरवर’. वर्षाला अँटीबॉडीवर जे खर्च होतात त्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) होईल, पावसाळ्यापूर्वी फ्लूची लसही बऱ्यापैकी निघेल. त्यांच्या वयाला ती द्यावीच.

ऑक्सिमीटर घरात असेल तर त्यातल्या बॅटऱ्या काढून ठेवा, गळून तो खराब होतो. कुणाला ताप आला की कॅलेंडरवर त्या तारखेला पेनाने गोल करा आणि डॉक्टरकडे जाताना ती तारीख आधी सांगा.

वडिलांची फाइल अजून असेल आणि पाठवावीशी वाटली, तर १६ ते २१ एप्रिलमधली औषधांची चिठ्ठी आणि २१ च्या रात्रीचा भरतीचा कागद पाठवा. बाकीचं नको. त्या दोन कागदांवरून जे सांगता येण्यासारखं असेल ते सांगेन.